जुन्या हापूस बागेतील फांद्या छाटणे आणि माजलेले रान काढणे : कोणती अवजारे घ्यावीत?

सड्यावरचे_घर

नमस्कार. लांजा तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर कलमबाग आहे. वडील गेल्यापासून सहा वर्षे तिथे बेणणी (माजलेले रान कापून काढण्याचे काम) झालेली नाही, आणि आता पुण्याहून महिन्यातून दोन वेळा जाऊन ती पुन्हा उभी करायची असे मी ठरवले आहे. हापूसची ४६ कलमे आहेत. बहुतेक साठीच्या आसपासची असून त्यांचे शेंडे इतके उंच गेले आहेत की मागच्या हंगामात झेल्याला (लांब काठीच्या टोकाला जाळी लावलेल्या आंबे उतरवायच्या साधनाला) पोहोचला तेवढाच आंबा उतरवता आला, उरलेला खाली पडून फुटला. दहा-बारा झाडांवर बांडगूळ माजले आहे. जमिनीवर पुरुषभर उंचीची रानमोडी (झुडपासारखे वाढणारे तण) आहे आणि गडग्याच्या (बागेभोवतीच्या दगडी बांधाच्या) कडेने घाणेरी व करवंदीच्या जाळ्या इतक्या दाटल्या आहेत की गडगा कुठे ढासळला आहे हेही दिसत नाही.

तालुक्याच्या एका दुकानात चौकशी केली तेव्हा मला एक यादी काढून मिळाली : ५८ सीसीचा आणि २२ इंची पट्टीचा पेट्रोल चेनसॉ, ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर आणि २० फुटी ॲल्युमिनियमची शिडी. आमच्याकडे वर्षानुवर्षे कामाला येणारे वाडीतील एक काका मात्र म्हणतात की चांगली कोयती, एक करवत आणि चढणारा माणूस एवढ्यावर सारे भागते. मी स्वतः आजवर यापैकी एकही यंत्र हातात धरलेले नाही. पैसे एकदाच घालायचे आहेत आणि झाडांचे नुकसान होऊ द्यायचे नाही, म्हणून अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे अशी विनंती.

कलमवाला_देवगड

दुकानाची यादी तूर्त बाजूला ठेवावी आणि पुढच्या खेपेस एक मोजपट्टी घेऊन बागेत फिरावे. प्रत्येक झाडावर आपण नक्की कुठे कापणार आहोत, त्या जागी फांदी किती जाड आहे आणि ती जागा जमिनीपासून किती उंचीवर आहे, एवढे वहीत लिहून काढावे. मी आमच्या बागेत असे लिहून काढले तेव्हा निम्म्याहून अधिक काप मनगटाएवढ्या किंवा त्याहून बारीक फांद्यांचे निघाले, आणि मांडीएवढा काप एका झाडावर जेमतेम एक किंवा दोन. यंत्राची ताकद त्या एकदोन कापांसाठी लागते. बाकीच्या कामाला ताकदीपेक्षा पोहोच आणि धार लागते.

पट्टी म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते तो भाग. २२ इंची पट्टी ही वीस इंच जाडीच्या ओंडक्यासाठी असते. आपल्या कलमाची मधली फांदी आठ-दहा इंचांची असली तर पट्टीचे निम्मे टोक फांदीच्या पलीकडे, आपल्या नजरेआड फिरत राहते आणि मागच्या फांदीला लागते. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही टेकला की फिरणारी साखळी लाकडात शिरण्याऐवजी संपूर्ण यंत्र वर आणि मागे, थेट चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे भिरकावते. साखळीचा ब्रेक याच क्षणासाठी दिलेला असतो, पण नवख्या माणसाने त्या ब्रेकवर विसंबून लांब पट्टी घेऊ नये. शिवाय असे यंत्र तेल-पेट्रोलसह सहा-सात किलोंच्या घरात जाते आणि तासाभराने हात थकले की टोक आपोआप खाली झुकू लागते. तुमच्या बागेला ३० ते ३५ सीसीचे, १४ किंवा १६ इंची पट्टीचे यंत्र पुरेसे आहे. तेही जमिनीवर पाय रोवून, खांद्याच्या वर न उचलता, मुख्यतः खाली आलेल्या फांद्यांचे तुकडे करण्यासाठी वापरावे.

शिडी घेऊ नये. फांदी तुटून सुटली की उरलेला भाग ओझे उतरल्यामुळे वर उसळतो. त्यावर टेकवलेली शिडी त्याच क्षणी आधार गमावते, आणि शिडीवरच्या माणसाच्या दोन्ही हातांत तेव्हा यंत्र असते. आमच्या शेजारच्या बागेत असा अपघात मी पाहिला आहे. त्या गृहस्थांचा खुबा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही.

शिडीच्या पैशांत जमिनीवरून वापरायची लांब दांड्याची करवत घ्यावी. बारा-चौदा फूट दांडा, वर बाकदार पाते आणि ओढताना कापणारे दाते, असे तिचे रूप असते. दांड्याचे वजन खाली ओढण्यास मदत करते, त्यामुळे मनगटाएवढी फांदी दोन-तीन मिनिटांत सुटते. बांडगुळासाठी तर याहून चांगले अवजार मला ठाऊक नाही. बांडगूळ नुसते खुडून उपयोग होत नाही, कारण त्याची मुळे फांदीच्या लाकडात शिरलेली असतात. ज्या जागी ते उगवले आहे तिथून एक-दीड फूट मागे, झाडाच्या बाजूला, निरोगी लाकडात फांदी कापावी लागते. हे काम बांडगुळाची फळे पिकण्याआधी करावे. फुलटोच्यासारखे लहान पक्षी ती फळे खातात आणि त्यांचे चिकट बी शेजारच्या फांद्यांवर चिकटवून जातात.

आता कापण्याची पद्धत, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान अवजारामुळे झालेले नसून पद्धतीमुळे झाले आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी एका उत्तम कलमाची सात इंची आडवी फांदी वरून एकाच कापाने तोडायला घेतली. काप अर्ध्यावर आला आणि फांदी स्वतःच्या भाराने खाली गेली. जाताना तिने खालची साल बुंध्यावर दोन-अडीच फूट सोलून नेली. दोन पावसाळ्यांत त्या उघड्या जागी भिरूड (खोड पोखरणारी कीड) शिरले आणि पाचव्या वर्षी ते कलम गेले. म्हणून जाड फांदीला नेहमी तीन काप द्यावेत. पहिला काप बुंध्यापासून फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शापर्यंत द्यावा. दुसरा त्याच्यापासून दोन-तीन बोटे पुढे, वरून, आरपार द्यावा, म्हणजे फांदी पडताना साल पहिल्या कापाशीच थांबते. मग उरलेले खुंट हलके असते, ते तिसऱ्या कापाने नीट काढावे. हे काम करवतीनेच करावे. कोयतीने किंवा कुऱ्हाडीने अशा जागी केलेला घाव फाटलेला राहतो.

पाणीदार_पाते

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण कोयतीविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात, कारण तुमच्या काकांचे म्हणणे जुन्या वळणाचे म्हणून मागे टाकण्यासारखे नाही. आमच्या घरी तीन पिढ्या लोहारकाम झाले आहे आणि माझे वडील अजूनही भाता चालवतात.

बाजारात मिळणारी पातळ पत्र्याची, रंग लावलेली कोयती घेऊ नये. ओल्या लाकडावर ती दहा घावांत वळते. गावच्या लोहाराकडे ट्रकच्या कमानीच्या पट्ट्याची कोयती घडवून घ्यावी, कारण त्या पोलादाला लवचीकपणा असतो आणि पाणी नीट दिले (तापलेले पाते विझवून योग्य तेवढे कडक केले) तर धारही टिकते. पाणी अधिक कडक झाले की धारेचे तुकडे उडतात आणि कमी पडले की धार दुमडते. नवी कोयती हातात आल्यावर वाळलेल्या बांबूच्या पेरावर चार घाव घालून धार उन्हात धरून पाहावी. दुमडलेली किंवा उडालेली जागा चमकून दिसते, आणि चांगला लोहार तशी कोयती विनातक्रार परत भट्टीत घालतो.

एकाच कोयतीने सगळी कामे करू नयेत. बारीक रान, वेली आणि काटेरी जाळी यांसाठी हलकी, पुढे बाक असलेली कोयती असावी. मनगटाएवढे खुंट तोडायला जाड पाठीचा, वजनदार पाळकोयता लागतो, ज्यात घाव हाताच्या जोराने पडण्यापेक्षा पात्याच्या वजनाने पडतो. करवंदीच्या जाळीत उतरताना डाव्या हातात तीन-चार फुटांचे बेळके (टोकाला दुबेळके असलेली काठी) हवे. बेळक्याने फांदी उचलून ताणून धरायची आणि खाली बुडाशी, तिरका, वरून खाली घाव घालायचा. हाताने फांदी धरून तोडणाऱ्याला काटे लागतात हे तर आहेच, पण त्याहून गंभीर गोष्ट ही की घाव निसटला तर तो आपल्याच धरलेल्या हातावर येतो. कोयती काम नसताना जमिनीवर टाकू नये, कंबरेच्या आकडीला अडकवावी.

धार पाजवण्याचे सामान कोयतीसोबतच घ्यावे : एक सपाट कानस आणि एक कुरुंदाचा दगड. विजेच्या चक्रावर धार लावून आणण्याची सवय वाढली आहे, पण तिथे पाते निळे पडेपर्यंत तापते आणि लोहाराने दिलेले पाणी त्या जागी उतरून जाते. आमच्याकडे परत येणाऱ्या कोयत्यांपैकी बऱ्याच याच कारणाने बिघडलेल्या असतात.

सड्यावरचे_घर

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी काकांबरोबर मोजपट्टी घेऊन फिरलो. पहिल्या २० झाडांवर मिळून ११८ काप लिहिले गेले. त्यांतील ७१ दोन ते चार इंच जाडीचे, २९ दोन इंचांहून कमी, १५ चार ते सात इंचांचे आणि फक्त ३ काप आठ इंचांहून जाड निघाले. ते तिन्ही मधल्या सरळ वर गेलेल्या फांद्यांचे असून २० फुटांच्या आसपास उंचीवर आहेत. मोठे यंत्र घेण्याचा विचार मी सोडला आहे. हे आकडे पाहून काका काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःची करवत घासून घेऊन आले.

आता रानाविषयी कृपया सांगावे. तीन एकर हाताने बेणायचे तर माणसे मिळत नाहीत.

रानवाट_कुडाळ

आमची पाच एकर काजू आणि आंब्याची बाग आहे आणि बेणणीचे काम गेली नऊ वर्षे मी स्वतः ब्रश कटरने करते, म्हणून या भागाचे उत्तर देते. आमच्याकडे सगळे त्याला ग्रास कटरच म्हणतात, पण त्या नावामुळे एक घोटाळा होतो. गवत कापायला जे पाते लागते ते रानमोडीला चालत नाही, आणि जे रानमोडीला चालते ते कलमाच्या बुडाशी नेऊ नये.

नायलॉनची दोरी फक्त कोवळ्या गवतासाठी, गडग्याजवळ आणि दगडगोट्यांच्या जागी वापरावी. तीन दात्यांचे पोलादी पाते रानमोडी, दिंडा आणि जून गवत यांसाठी योग्य असते. करंगळी ते अंगठ्याएवढे काष्ठमय खुंट असतील तर बारीक दात्यांचे गोल पाते लावावे, ते बाजारात बहुधा ८० दात्यांचे मिळते. त्याहून जाड खुंट ब्रश कटरने कापण्याचा हट्ट धरू नये. तिथे पाळकोयता किंवा करवत यांचेच काम आहे.

पाते वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका देत कापावे आणि परत येताना कापू नये. कापलेले रान मग आपल्या डाव्या बाजूला, आधीच मोकळ्या झालेल्या जागेत पडते. पात्याचा पुढचा उजवा भाग खुंटाला किंवा जांभ्याच्या दगडाला लागला तर संपूर्ण दांडा झटक्याने उजवीकडे फेकला जातो. त्या वेळी पंधरा मीटरच्या आत दुसरे माणूस, मूल किंवा जनावर असता कामा नये. खडे तितक्या अंतरावरही उडतात. डोळ्यांवर जाळीचा किंवा पारदर्शक पडदा, कानांवर आवाज रोखणारे आवरण आणि पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट यांवाचून मी यंत्र सुरू करत नाही. आपल्याकडे सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) फुरसे हा विषारी साप भरपूर असतो, त्यामुळे बूट नुसत्या खड्यांसाठी नाहीत. जाळीत शिरण्यापूर्वी लांब काठीने ती हलवून गांधीलमाश्यांचे पोळे आहे का तेही पाहावे. यंत्राच्या आवाजात त्यांची चाहूल लागत नाही.

इंजिनाविषयी : ५२ सीसीचे यंत्र ताकदवान असते, पण दिवसभर अंगावर वागवायला मला ते जड जाते आणि संध्याकाळी हातांना मुंग्या येतात. ३५ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन असलेले यंत्र रानमोडीसाठी पुरते, त्यात तेल मिसळावे लागत नाही आणि आवाजही कमी असतो. उतारावरच्या बागेत पाठीवर इंजिन आणि लवचीक दांडा असलेला प्रकार सोयीचा पडतो. सपाट जागेत खांद्याला पट्टा लावून बाजूला लटकवायचा सरळ दांड्याचा प्रकार अधिक काबूत राहतो. दुकानात पट्टा आपल्या उंचीला लावून, यंत्र सोडून दिले असता पाते जमिनीला समांतर आणि वीतभर वर राहते का ते पाहूनच घ्यावे. घरातील बायका यंत्र चालवणार असतील तर ही चाचणी त्यांनीच करावी. माझे पहिले यंत्र माझ्या भावाच्या उंचीला लावून घेतले होते, आणि दोन वर्षे माझी पाठ का दुखते हे मला कळत नव्हते.

कलमांच्या बुडाशी मात्र दोन हातांचे वर्तुळ हाताने बेणावे. दुसऱ्या वर्षी मी वेळ वाचवण्यासाठी नवीन लावलेल्या काजू कलमांभोवती नायलॉनची दोरी फिरवली. दोरी लाकूड कापत नाही, म्हणून मी निर्धास्त होते, पण तिने कोवळी साल सभोवार सोलली. अकरा कलमे महिन्याभरात वाळून गेली. झाडाचे अन्न सालीतून खाली जाते, ती वाट सगळीकडून तोडली की मुळे उपाशी राहतात.

रान कापणे आणि रान जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत हेही सांगायला हवे. रानमोडी बुडख्यातून पुन्हा फुटते. पावसाळा सरल्यावर, ती थंडीत फुलून बी धरण्याआधी, एकदा यंत्राने कापावी आणि पुढच्या पावसाच्या सुरुवातीला जमीन मऊ असताना नवे फुटवे बुडख्यासह उपटावेत. घाणेरीसाठी कापणी जवळजवळ निरुपयोगी आहे. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत अशी की, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने मुख्य मूळ तोडायचे आणि संपूर्ण झुडूप उलटे करून, मुळे वर राहतील असे, वाळत ठेवायचे. मी गडग्याच्या कडेची घाणेरी याच रीतीने काढली. एक कुदळ आणि जाड हातमोजे याखेरीज काही लागले नाही.

हिरवी_सावली

कलमवाला यांनी तिसऱ्या कापाविषयी लिहिताना एक गोष्ट सांगायची राहिली आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. पूर्वी आपल्याकडे खोडाला अगदी सपाट लागून काप देण्याची रीत होती, कारण ती दिसायला स्वच्छ वाटते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून दाखवून दिले की सपाट काप दिल्यास खोडाचे स्वतःचे लाकूड उघडे पडते आणि कूज आत उतरते. झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंत उभारते आणि वरून नवे लाकूड चढवते. ही भिंत त्या फुगीर कड्यात उभी राहते, म्हणून काप कड्याच्या लगेच बाहेर द्यावा. कडे कापू नये आणि पुढे खुंटही ठेवू नये. जखमेवर लेप लावल्याने कूज थांबत नाही, हेही त्यांचेच निरीक्षण आहे. त्यामुळे डांबर किंवा रंग फासण्याचा खर्च करू नये असे मला वाटते.

कलमवाला_देवगड

फुगीर कड्याविषयीची पुस्ती योग्य आहे आणि ती माझ्याकडून राहून गेली होती. डांबराविषयीही सहमत आहे. लेपाविषयी मात्र आपल्या भागापुरता मतभेद नोंदवतो. शायगो यांचे काम प्रामुख्याने थंड प्रदेशातील झाडांवरचे आहे. कोकणात मोठ्या कापावर दमट हवेत बुरशी चटकन येते, आणि भिरुडाची मादी सालीच्या फटीत व जखमेच्या कडेला अंडी घालते. त्यामुळे अंगठ्याहून जाड प्रत्येक कापावर मी त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावतो. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना प्रत्येकी पाच लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवून मग एकत्र करावा, म्हणजे १० टक्क्यांची दहा लिटर पेस्ट होते. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्यावे. लोखंडी भांड्याला मोरचूद खातो.

आणखी एक सूचना : दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या आंबा बागांच्या पुनरुज्जीवनावर प्रदीर्घ काम केले आहे. मधली फांदी काढून झाडाच्या पोटात ऊन पोहोचवायचे हा त्याचा गाभा आहे. किती काढावे आणि केव्हा, हे तुमच्या झाडांची स्थिती पाहून तेथील तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे, आणि पहिल्या वर्षी सगळी ४६ झाडे हाती घेऊ नयेत. तुमचे तीन जाड काप २० फुटांवर आहेत. ते दोर, कंबर-खांद्याचा सुरक्षा पट्टा आणि फांदी बांधून हळूहळू उतरवण्याची रीत माहीत असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावेत. एका दिवसाची मजुरी देणे हे यंत्र विकत घेण्यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित आहे.

कानस_आणि_साखळी

मी यंत्रदुरुस्ती करतो. पावसाळा संपला की माझ्याकडे येणारी बहुतेक यंत्रे मोडलेली नसतात, ती चुकीच्या पेट्रोलमुळे आणि बोथट साखळीमुळे आजारी पडलेली असतात.

टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. यंत्राच्या पुस्तिकेत २५ ला १ लिहिले असेल तर लिटरला ४० मिलिलिटर आणि ५० ला १ असेल तर २० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये, माप ठेवावे. तेल विसरले तर सिलिंडर काही मिनिटांत ओरखडे पडून निकामी होतो. फोर-स्ट्रोकमध्ये शुद्ध पेट्रोल आणि इंजिन ऑइल वेगळे असते. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढते, म्हणून मिश्रण दोन-तीन आठवड्यांपुरतेच बनवावे. आपण महिन्यातून दोनदाच येणार आहात, तर प्रत्येक खेपेच्या शेवटी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये काही उरत नाही.

साखळीला धार आहे की नाही हे भुशावरून ओळखावे. धारदार साखळी जाडसर चुरा टाकते आणि बोथट साखळी पिठासारखी भुकटी. भुकटी दिसू लागली की यंत्र दाबू नये, थांबून कानस घ्यावी. लहान यंत्रांच्या तीन-अष्टमांश इंची बारीक साखळीला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, ०.३२५ इंची साखळीला ४.८ मिलिमीटरची. प्रत्येक दाताला आतून बाहेर, एकाच दिशेने, सारखेच तीन-चार हात मारावेत. जमिनीला साखळी एकदा जरी टेकली तरी धार जाते. जांभ्याची माती साखळीची शत्रू आहे, त्यामुळे ओंडका कापताना खाली दुसरी फांदी घालून तो उचलून घ्यावा. पट्टीच्या तेलाची टाकी पेट्रोलबरोबर दर वेळी भरावी. आंब्याचा चीक हातकरवतीच्या दात्यांत गोठतो, तो रॉकेलच्या बोळ्याने त्याच संध्याकाळी पुसावा.

कोरड्या दिवसांत तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर ठेवू नये आणि इंजिन निवल्याशिवाय पेट्रोल भरू नये. फाल्गुन-चैत्रात वणव्याला तेवढे निमित्त पुरते.

गडगा_आणि_वई

तीन व्यावहारिक बाबी थोडक्यात. झाड बुंध्यापासून तोडण्याचा विचार असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो आणि आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर ही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे आधी परवानगी घ्यावी लागते. गडग्यावर उगवलेल्या ऐन-किंजळांना हात लावण्यापूर्वी हे ध्यानात असू द्यावे. दुसरे, यंत्रासाठी कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान महाडीबीटी संकेतस्थळावरून मागता येते, पण पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर ते मिळत नाही. तिसरे, बागेवरून विजेची तार जात असल्यास धातूच्या दांड्याची करवत तिच्या जवळपासही नेऊ नये. ओला बांबूही वीज वाहतो. महावितरणच्या शाखेत लेखी अर्ज देऊन त्या दिवशी पुरवठा बंद करून घ्यावा.

सड्यावरचे_घर

तार आमच्या उत्तरेच्या कोपऱ्यातील दोन झाडांवरून जाते. ती दोन झाडे मी बाजूला ठेवली असून शाखा कार्यालयात अर्ज दिला आहे. अनुदानाचा अर्जही भरला आहे, त्यामुळे ब्रश कटर संमती येईपर्यंत शेजाऱ्यांकडून भाड्याने आणला. लांब दांड्याची करवत, घडीची हातकरवत, कोयती आणि पाळकोयता एवढीच खरेदी आजवर झाली. मागच्या शनिवारी आणि रविवारी पाच झाडांवरील बांडगूळ निघाले आणि ३० काप झाले. एकाही ठिकाणी साल फाटली नाही. रानमोडी कापल्यावर गडगा तीन जागी ढासळलेला दिसला.

एक अडचण आली. एका झाडावर चार इंची फांदी कापल्यावर ती खालच्या बेचक्यात अडकून राहिली आहे. काका म्हणतात खालून ओढू नका. ती कशी काढावी?

कलमवाला_देवगड

काकांचे बरोबर आहे, तिच्याखाली कोणीही उभे राहू नये. दोराच्या टोकाला मुठीएवढा लाकडी ठोकळा बांधून तो फांदीच्या बारीक टोकाकडून पलीकडे फेकावा आणि दोराची दोन्ही टोके हातात घेऊन झाडाच्या घेराबाहेर, फांदीच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर जावे. तिथून सरळ न ओढता आडवे, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असे झोके द्यावेत, म्हणजे बेचक्यातील बुडखा फिरून निसटतो. चार-पाच झोक्यांत ती सुटली नाही तर तशीच राहू द्यावी, त्या झाडाखाली ये-जा बंद करावी आणि वरची तीन जाड फांद्यांची कामे करायला माणसे येतील तेव्हा त्यांच्याकडून सर्वांत आधी ती उतरवून घ्यावी.